ताम्रपट आणि मेघदूत : वा. वि. मिराशी यांनी विदर्भाचा इतिहास कसा वाचला

वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही मगधसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी होती आणि पतीच्या निधनानंतर तिने लहान मुलाच्या वतीने रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून राज्यकारभार पाहिला, हे विधान आज विदर्भाच्या इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. ते इतके सरळ वाटते की कोणाला तरी ते कधीकाळी सिद्ध करावे लागले असेल, हे वाचताना ध्यानातही येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र नामांकित विद्वान हेच वाकाटक घराणे तब्बल तीन शतके पुढे ओढून सातव्या शतकाच्या अखेरीस नेऊन बसवत होते. त्यात त्यांचा आळस नव्हता आणि अज्ञानही नव्हते. हाती असलेल्या पुराव्यातील एका नावाचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला होता. असे नाव कसे वाचायचे, त्याची शहानिशा कशी करायची, आणि या कामात जुन्या कवींचे काव्य साक्षीला बोलावायचे की नाही, हा या लेखाचा विषय आहे. तो समजून घ्यायला नागपूरच्याच महामहोपाध्याय डॉ. वासुदेव विष्णू मिराशी यांच्या आयुष्यासारखे दुसरे उदाहरण मला दिसत नाही.

मिराशींचा जन्म १८९३ सालचा, कोकणातल्या देवगड तालुक्यातील कुवळे या गावचा. शिक्षण पूर्ण झाल्यावर १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि मग नागपूरचेच झाले. पुढे त्यांनी नागपूर महाविद्यालयाचे, म्हणजे पूर्वीच्या मॉरिस कॉलेजचे, आणि अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले, आणि निवृत्तीनंतर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृती या विषयाचे मानद प्राध्यापक म्हणून काम केले. १९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली, १९७५ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि १९८५ मध्ये वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयुष्याचा बाहेरचा आराखडा एवढ्यात संपतो. खरी गोष्ट आहे ती संस्कृत काव्य शिकवणारा एक प्राध्यापक कोरीव लेखांकडे वळला आणि आपले काव्याचे शिक्षण तो सोबत घेऊन गेला, ही. मिराशी स्वतः कवी म्हणून ओळखले जात नाहीत. पण त्यांच्या संशोधनाच्या वाटेवर पावलोपावली कवी उभे आहेत, कालिदास, भवभूती, प्रवरसेन, सर्वसेन, दंडी, आणि त्यांतले दोघे तर स्वतः विदर्भाच्या गादीवर बसलेले राजे आहेत.

आधी ताम्रपट म्हणजे काय ते पाहू, कारण वाकाटकांच्या इतिहासाचा पाया ताम्रपटांवरच उभा आहे. राजाने एखाद्या विद्वान ब्राह्मणाला गाव किंवा जमीन दान दिली की त्या दानाचा दस्तऐवज तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायचा, पत्र्यांना भोक पाडून त्यांतून कडी ओवायची आणि कडीला राजमुद्रा लावायची, अशी पद्धत होती. आजच्या भाषेत तो जमिनीचा खरा कागद होय. दान घेणाऱ्याचे वंशज तो पिढ्यान् पिढ्या जपत, कधी जमिनीत पुरून ठेवत, आणि शेकडो वर्षांनी शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना तो वर येई. काही पत्रे दुर्दैवाने थेट तांबटाच्या मुशीत गेले असतील. जे वाचले त्यांवर आपला इतिहास उभा आहे.

मजकुराचा साचाही ठरलेला असतो. वाकाटकांच्या ताम्रपटांत बहुधा आरंभी ‘दृष्टम्’ हा शब्द येतो, म्हणजे हे पाहिले, तपासले; आजच्या कचेरीतल्या शेऱ्याची आठवण यावी असा तो शब्द आहे. मग ज्या ठिकाणाहून दान दिले त्याचे नाव, मग राजाची वंशावळ, मग गावाचे नाव आणि त्याच्या चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे गोत्र, त्या गावाला दिलेल्या सवलती, आणि शेवटी राज्यवर्ष, महिना, तिथी. त्यांतला सवलतींचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. या गावात सैनिकांनी शिरू नये, इथून राजपुरुषांसाठी फुले आणि दूध वसूल करू नये, गवत, बसायची कातडी आणि कोळसा मागू नये, असे तिथे एकेका समासात सांगितलेले असते. ज्या गावांना हे दान मिळाले नव्हते, त्यांच्याकडून हे सगळे मागितले जात होते, हे त्या नकारांमधून आपोआप कळते. राजाच्या स्तुतीपेक्षा त्या काळच्या शेतकऱ्याचे जगणे या रुक्ष अटींत अधिक दिसते.

अडचण आहे ती कालगणनेची. वाकाटकांनी आपल्या ताम्रपटांत शक किंवा संवत दिला नाही. ‘राज्याच्या तेराव्या वर्षी’, ‘एकोणिसाव्या वर्षी’ एवढेच दिले. राजा गादीवर कधी बसला हेच ठाऊक नसेल तर तेराव्या वर्षाचा उपयोग काय? मध्य भारतातल्या कलचुरी राजघराण्याची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या लेखांत एका संवताचे आकडे येतात, आणि ते इसवी सनात कसे बदलायचे याची कसोटीही उपलब्ध असते. लेखात तिथीबरोबर वार दिलेला असेल, तर संवताचा आरंभ अमुक साली धरल्यास त्या तिथीला तोच वार येतो का, हे पंचांगाच्या गणिताने पाहता येते. एका लेखात वार जुळला तर तो योगायोग असू शकतो. पण अनेक लेखांत जुळत गेला की आरंभवर्ष पक्के होते. कलचुरी-चेदी संवताचा आरंभ इसवी सन २४८-४९ च्या सुमारास होतो, हे अशाच गणिताने ठरले, आणि या संवताच्या कोरीव लेखांचा मिराशींनी संपादित केलेला मोठा ग्रंथ १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. वाकाटकांच्या बाबतीत मात्र ही सोय नव्हती. तिथे आधार होता तो नात्यांचा: कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा जावई, आणि ज्या परक्या घराण्याशी सोयरीक झाली त्याचा काळ आपल्याला ठाऊक आहे का.

आणि याच ठिकाणी ती चूक झाली. अचलपूरजवळच्या चम्मक येथे आणि शिवनी येथे सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत त्याच्या आईचे नाव प्रभावतीगुप्ता आणि तिच्या वडिलांचे नाव ‘महाराजाधिराज श्री देवगुप्त’ असे दिले आहे. फ्लीट या अत्यंत काटेकोर विद्वानाने १८८८ मध्ये हे लेख संपादित केले, तेव्हा त्याने देवगुप्त नावाचा राजा शोधला आणि त्याला सापडला तो मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांपैकी, इसवी सन ६८० च्या सुमाराचा. सासरा सातव्या शतकातला, तर जावई आणि नातूही त्याच्याच मागेपुढे. तर्कात खोट नव्हती, माणूस चुकीचा होता. अक्षरांच्या वळणावरून हे लेख इतके उशिराचे असू शकत नाहीत, असे काही विद्वानांना तेव्हाही वाटत होते; पण अक्षरांचे वळण हा अंदाजाचा पुरावा आहे आणि नाव हा नावाचा पुरावा आहे.

हा तिढा सोडवला तो स्वतः प्रभावतीगुप्तेने दिलेल्या ताम्रपटाने. तो १९१२ च्या सुमारास उजेडात आला आणि पुणे ताम्रपट या नावाने ओळखला जातो. त्यात तिने नवऱ्याच्या घराण्याआधी माहेरची वंशावळ दिली आहे, समुद्रगुप्त, चंद्रगुप्त असे सांगत ती स्वतःपर्यंत आली आहे, आणि गोत्रही माहेरचेच, धारण, असे सांगितले आहे. देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव होते, हे त्यावरून स्पष्ट झाले. एका लेखाने एक संपूर्ण राजघराणे तीनशे वर्षे मागे सरकले, आणि अजिंठ्याच्या लेण्यांपासून रामटेकच्या देवळांपर्यंत सगळ्याचा काळ नव्याने ठरवावा लागला.

या ताम्रपटाच्या मुद्रेवर चार ओळी आहेत आणि त्या चार ओळींचा मिळून एक अनुष्टुभ श्लोक होतो:

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः ।
जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम् ॥

वाकाटकांचा अलंकार असलेल्या आणि वंशक्रमाने राजलक्ष्मी मिळालेल्या युवराजाच्या आईचे हे शासन शत्रूंना शासन करणारे आहे, असा त्याचा अर्थ. शेवटच्या चरणात ‘शासन’ शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे: एकदा आज्ञापत्र आणि एकदा शिक्षा. मराठीतही आपण शासन शब्द राज्यकारभारासाठी वापरतो आणि शिक्षेसाठीही, त्यामुळे हे यमक आपल्याला भाषांतरावाचून कळते. मुद्रेएवढ्या जागेत, सरकारी शिक्क्यात, कोणीतरी यमक साधणारा माणूस बसला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या दरबाराचा शिक्काही श्लोकात असतो, त्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्याला श्लोक कळलाच पाहिजे. छंद ठाऊक असेल तर झिजलेल्या जागी किती अक्षरे होती आणि त्यांतली कोणती लघू, कोणती गुरू, हे सांगता येते. पुढची जोखीम कमी होते. मिराशी संस्कृतचे प्राध्यापक होते याचा उपयोग असा पदोपदी होत होता.

पण छंदही कुठे कामी येतो आणि कुठे नाही, याचे उत्तम उदाहरण अजिंठ्याला आहे. तिथल्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा श्लोकबद्ध लेख आहे. पावसापाण्याने तो फार झिजला आहे. पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाचे नाव त्यात पूर्वी ‘रुद्रसेन’ असे वाचले गेले होते, कारण ताम्रपटांतल्या वंशावळीत प्रवरसेनानंतर रुद्रसेनाचेच नाव येते. मिराशींनी ते ‘सर्वसेन’ असे वाचले. आता ही दोन नावे मोजून पाहा: गुरू, लघू, गुरू, लघू, दोन्हींचे माप अगदी एक. छंद इथे कौल देत नाही. कौल दिला तो १९३९ मध्ये वाशीमला सापडलेल्या ताम्रपटाने. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे, आणि प्रवरसेनाचा मुलगा म्हणून तिथे सर्वसेनाचे नाव स्वच्छ येते. याचा अर्थ प्रवरसेनानंतर घराण्याच्या शाखा झाल्या होत्या, एक रामटेककडच्या नंदिवर्धनाची आणि दुसरी वत्सगुल्माची, म्हणजे आजच्या वाशीमची; आणि अजिंठ्याचे लेणे दुसऱ्या शाखेच्या आश्रयाने घडले. भिंतीवरच्या दोन अक्षरांच्या फेरवाचनातून एक शाखाच्या शाखा उभी राहिली.

ज्याचे नाव असे सापडले, तो सर्वसेन साहित्यशास्त्राला आधीपासून ठाऊक होता, पण राजा म्हणून नव्हे. ‘हरिविजय’ नावाचे त्याचे प्राकृत काव्य पुढे हरवले, तरी आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतल्यामुळे त्याचे नाव टिकले. नंदिवर्धन शाखेचा दुसरा प्रवरसेन, प्रभावतीचा मुलगा, याच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे; रामाने समुद्रावर सेतू बांधल्याची ती कथा. महाराष्ट्रात बोलली जाणारी प्राकृत सर्वांत उत्कृष्ट, असे दंडीने म्हटले आणि उदाहरण म्हणून सेतुबंधाचेच नाव घेतले. आपल्या भाषेच्या आजीचे इतके जुने कौतुक विदर्भातल्या एका राजाच्या काव्यामुळे झाले, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. अर्थात काव्यावर प्रवरसेनाचे नाव असले म्हणून तो हाच प्रवरसेन असे लगेच म्हणता येत नाही. काश्मीरच्या इतिहासातही त्या नावाचा राजा आहे आणि काहींनी काव्य त्याच्याकडे दिले होते. शिवाय ताम्रपटांत आमचा प्रवरसेन शिवभक्त म्हणवतो आणि काव्य रामाचे आहे, अशीही शंका घेतली गेली. तिचे उत्तर फार अवघड नाही: त्याची आई विष्णुभक्त होती आणि तिचा ताम्रपट रामगिरीच्या देवाच्या पायाशी बसून दिलेला आहे. सेतुबंधावर कालिदासाचा हात फिरला असावा, अशी समजूत जुन्या टीकाकारांत आहे. तिला मी समजूत एवढेच म्हणेन.

रामगिरीचा उल्लेख आलाच आहे, तर मिराशींच्या नावाशी सर्वांत घट्ट जोडलेल्या प्रश्नाकडे वळू. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत होता तो डोंगर कोणता? मेघदूताचा जुना टीकाकार मल्लिनाथ याने आपल्या टीकेत तो चित्रकूट असल्याचे सांगितले आहे. आधुनिक काळात सरगुजाच्या रामगढाचे नाव पुढे आले. मिराशी रामटेकच्या बाजूने उभे राहिले, आणि नागपूरकर म्हणून नव्हे, तर पुरावा एकावर एक रचत.

पहिला पुरावा काव्यातल्या भूगोलाचा. मेघाला उत्तरेकडे अलकेला, यक्षांच्या नगरीला, जायचे आहे. वाटेत त्याला माळावरून थोडे पश्चिमेकडे वळून पुन्हा उत्तरेला लागायला सांगितले आहे, मग आम्रकूट, मग विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटलेली रेवा, म्हणजे नर्मदा, आणि मग दशार्ण देश आणि विदिशा. नर्मदा जर वाटेत लागते तर निघण्याचे ठिकाण नर्मदेच्या दक्षिणेला हवे. चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेला आहे, म्हणून मल्लिनाथाचे म्हणणे इथेच गळते. टीकाकाराचा अधिकार कितीही मोठा असो, नदी आपली जागा सोडत नाही.

दुसरा पुरावा कोरीव लेखांचा. प्रभावतीगुप्तेचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला सापडला. तो ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी, दिलेला आहे. म्हणजे तिच्या राज्यात रामगिरी नावाचे देवस्थान होते. तिची राजधानी नंदिवर्धन, ते आजचे नगरधन, रामटेकच्या डोंगरापासून थोड्याच अंतरावर आहे. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातल्या यादवकालीन शिलालेखातही हे ठिकाण रामाचे क्षेत्र म्हणून वर्णिले आहे आणि तांबड्या दगडामुळे पडलेले सिंदूरगिरी हे नावही येते. आता या ‘पादमूला’शेजारी मेघदूतातली एक ओळ ठेवा. मेघाने निघताना ज्या पर्वताला मिठी मारायची, त्याच्या उतारावर लोकांना वंदनीय अशी रघुपतीची पावले उमटली आहेत, असे कालिदास म्हणतो. ताम्रपटात देवाचे पाय आणि काव्यात डोंगरावरची पावले, आणि दोन्हींचा डोंगर रामाच्या नावाचा. राजसत्तेचा कागद आणि कवीची कल्पना एकाच पायरीवर येऊन भेटतात, आणि माझ्या दृष्टीने मिराशींच्या सगळ्या युक्तिवादाचे मर्म या भेटीत आहे.

याने प्रश्न कायमचा मिटला का? गणितासारखा मिटला नाही. कवीने आपला रामगिरी पूर्णपणे कल्पनेतून उभा केला असणे तत्त्वतः शक्य आहे, आणि कालिदास वाकाटकांच्या दरबारी येऊन राहिला होता याचा थेट लेखी पुरावा नाही. चंद्रगुप्ताची मुलगी इथे राज्य करत होती, कालिदासाचा संबंध चंद्रगुप्ताच्या दरबाराशी जोडला जातो, म्हणून त्याने हा प्रदेश पाहिला असावा, अशी ती साखळी आहे. तिचे प्रत्येक कडे भक्कम नाही, पण इतर कोणत्याही डोंगराची साखळी याहून आखूड पडते. रामटेकला आज कालिदासाचे स्मारक आहे, १९९७ पासून कविकुलगुरू कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे, आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी नागपूर-रामटेककडे त्याची आठवण होते. त्या ‘प्रथमदिवसे’ शब्दाचाही एक पाठभेद आहे, ‘प्रशमदिवसे’, म्हणजे आषाढ संपतानाच्या दिवशी. अक्षर एक, महिन्याभराचा फरक! हस्तलिखितांतले एक अक्षर किती ओझे वाहते, हे विद्यार्थ्यांना समजावताना मी नेहमी हेच उदाहरण देतो.

काव्याची साक्ष घेताना मिराशींनी सर्वांत धाडसी पाऊल टाकले ते दंडीच्या ‘दशकुमारचरिता’बाबत. त्यातल्या विश्रुतचरितात विदर्भाचा पुण्यवर्मा नावाचा गुणी राजा, त्याचा व्यसनी मुलगा अनंतवर्मा, अश्मकाच्या राजाने रचलेला कट, मांडलिकांचे फितूर होणे, राज्याचा नाश आणि राणीचे मुलांना घेऊन पळणे अशी कथा आहे. मिराशींनी मांडले की ही कथा हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या वाकाटकांचा जो अस्त झाला त्याची आठवण आहे आणि पुण्यवर्मा म्हणजे हरिषेणच. अजिंठ्याचा कालक्रम वर्षावर्षाने मांडणाऱ्या वॉल्टर स्पिंक या अमेरिकी अभ्यासकाने पुढे हाच धागा धरून लेण्यांचे काम एकाएकी का थांबले याचे उत्तर शोधले. ही मांडणी मला अतिशय आकर्षक वाटते, आणि म्हणूनच तिच्याबाबत मी सावध राहतो. दंडी हरिषेणानंतर सुमारे दोनशे वर्षांनी दक्षिणेत लिहीत होता, त्याची कथा मुळात अद्भुतरम्य आहे आणि नावे जुळत नाहीत. कथा खरी घटना आठवत असेलही. पण जिथे ताम्रपट गप्प आहेत तिथे एकट्या कथेच्या बळावर सन ठरवणे हे कर्ज काढून घर बांधण्यासारखे आहे, आणि त्या कर्जाला जामीन कोणी नाही.

भवभूतीच्या बाबतीत हाच प्रयोग अधिक पक्का उतरला. भवभूतीने आपले गाव विदर्भातले पद्मपूर असे सांगितले आहे. पद्मपुराहून दिलेला वाकाटकांचा एक ताम्रपट दुर्गला मिळाला, त्यामुळे ते गाव काल्पनिक नाही हे ठरले; मिराशींनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळच्या पद्मपुराशी जुळवले. जिल्हा तेव्हा भंडारा होता.

आणि जिथे मिराशींचे म्हणणे पुढच्या पुराव्यापुढे टिकले नाही, तेही सांगायला हवे, कारण त्याशिवाय या शास्त्राची रीत कळत नाही. दुसऱ्या प्रवरसेनाने प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसवली. पवनारला, धाम नदीकाठी, विनोबांच्या आश्रमाच्या जागेत जुनी शिल्पे निघाली होती. त्यांत रामायणातले प्रसंग आहेत असे मिराशींनी दाखवले, सेतुबंधाच्या कवीने रामाचे देऊळ बांधले असणार असा तर्क केला आणि प्रवरपूर म्हणजे पवनार असे सांगितले. तर्क सुंदर होता. पुढे हान्स बाकर या डच अभ्यासकाने त्या शिल्पांचा वेगळा अर्थ लावला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रामटेकच्या शेजारी मनसरला झालेल्या उत्खननात वाकाटककालीन भव्य मंदिरसमूह आणि प्रवरेश्वराचे नाव असलेला ठसा मिळाल्यामुळे अनेक अभ्यासकांनी प्रवरपूर मनसरला नेले. मिराशींनी आपली बाजू मांडताना आधार उघड सांगितले होते, म्हणून तर ती खोडता आली. मनातल्या मनात ठेवलेले मत कोणाला खोडता येत नाही आणि कोणाच्या उपयोगीही पडत नाही.

वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये आला आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. भारत सरकारच्या कोरीव लेखांच्या त्या ग्रंथमालेतले सलग तीन खंड, चौथा, पाचवा आणि सहावा, एकाच माणसाच्या नावावर आहेत. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: प्रत्येक मोठे काम त्यांनी मराठीत उतरवले. ‘कालिदास’ १९३४ मध्ये, ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ १९५७ मध्ये, शिलाहार आणि सातवाहन यांच्यावरची मराठी पुस्तके सत्तरीच्या दशकात, आणि त्यांच्या जोडीला नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाकडून निघालेल्या ‘संशोधन मुक्तावली’चे भाग. मूळ लेख, त्याचे वाचन आणि अर्थ असे सगळे त्यांनी मराठी वाचकासमोर ठेवले, जणू त्याला सांगितले की माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः वाचून पाहा.

मिराशी गेल्यानंतर तीस वर्षांनी, २०१५ ते २०१८ या काळात, राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने नगरधनला उत्खनन केले. तिथे मातीचा एक लहानसा मुद्राठसा मिळाला. त्यावर शंखाचे चिन्ह आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे. ताम्रपट एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, तांबटाकडे जातो, पुण्याला पोहोचतो. त्यामुळे तो जिथे सापडला तिथेच राजधानी होती असे म्हणता येत नाही. मातीचा ठसाही पत्राबरोबर दूर जाऊ शकतो. पण ताम्रपटात ज्या नंदिवर्धनाचे नाव आहे आणि अभ्यासकांनी जे नगरधन म्हणून ओळखले होते, त्याच जमिनीतून त्याच राणीचे नाव वर आले, तेव्हा कागदावरची जागा आणि पायाखालची जागा पहिल्यांदा एकमेकींना दुजोरा देत होत्या. ठशावर साल नाही. वाकाटकांच्या रीतीप्रमाणे ते तिथे नसणारच होते.